बाजार पडत होता तेव्हा मी काय केलं

मार्च २०२० मध्ये जगभरातले शेअर बाजार एकाच वेळी कोसळले, तेव्हा मी भीतीपोटी काहीही विकलं नाही. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, तुला भीती नाही वाटली? वाटली, चांगलीच वाटली. मी स्वभावाने काळजी करणारी आहे, आणि त्या दिवसांत झोपही नीट लागत नव्हती. तरीही घाईघाईने काही करण्याची वेळ आली नाही, कारण करण्यासारखं बहुतेक सगळं त्याआधीच करून झालेलं होतं. ते काय होतं आणि प्रत्यक्ष घसरणीत त्यातलं काय उपयोगी पडलं, ते सविस्तर लिहिते. बाजार वर असतानाच हे वाचलेलं बरं.

सुरुवात पैशांच्या वाटणीपासून झाली. बाजार शांत होता त्या काळात मी आणि नवरा एका सुट्टीच्या दिवशी वही घेऊन बसलो आणि आमच्या सगळ्या बचतीपुढे एकच प्रश्न लिहिला: हा पैसा कधी लागणार? वर्षभराचा घरखर्च निघेल एवढी रक्कम बचत खात्यात आणि ठेवींत वेगळी ठेवली. पुढच्या पाच-सात वर्षांत जे खर्च नक्की येणार होते, त्यांची रक्कम ठेवींत आणि कमी मुदतीच्या रोख्यांत (म्हणजे सरकारला किंवा कंपन्यांना ठरावीक मुदतीसाठी व्याजाने दिलेल्या कर्जांत) ठेवली. उरला तो दूरचा पैसा, ज्याला दहा-पंधरा वर्षं हात लावायची गरज पडणार नव्हती. शेअर बाजारात गेला तो फक्त यातला, आणि तोही सगळा नाही. साठ टक्के शेअरांच्या निर्देशांक फंडांत, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडांत, आणि चाळीस टक्के रोख्यांत.

साठ हा आकडा एक हिशेब करून ठरला. शेअरांतल्या रकमेचं निम्मं करून तो आकडा आम्ही वहीत लिहिला. ‘पन्नास टक्के घसरण’ असं लिहिलं नाही, प्रत्यक्ष रक्कम लिहिली. टक्केवारी वाचताना मन हलत नाही. पण आपल्या दोघांच्या कित्येक वर्षांच्या बचतीतून एवढी एवढी रक्कम गेलेली दिसेल, हे आकड्यात लिहिलं की पोटात कालवाकालव होते. आधी आमच्या मनात ऐंशी टक्के शेअर ठेवायचे होते. निम्मा आकडा लिहिल्यावर नवरा म्हणाला, “हे मला झेपणार नाही.” मग सत्तर करून पाहिलं, मग साठ. साठवर दोघांनाही वाटलं की त्रास होईल, पण सहन करू.

निम्म्यावर येणं ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात सुमारे ५७ टक्के घसरला होता. त्याच्या काही वर्षं आधी, मार्च २००० पासून ऑक्टोबर २००२ पर्यंत, तंत्रज्ञान कंपन्यांचं वजन असलेला नॅसडॅक ७८ टक्के खाली आला आणि जुन्या शिखरावर परत पोहोचायला त्याला २०१५ उजाडलं. या उताराचं गणितही क्रूर आहे. २० टक्के पडलेल्याला पूर्ववत व्हायला २५ टक्के वाढावं लागतं, ५० टक्के पडलेल्याला दुप्पट व्हावं लागतं आणि ८० टक्के पडलेल्याला पाचपट.

कर्ज काढून शेअर घ्यायचे नाहीत, हे आमच्यात आधीपासूनच ठरलेलं होतं. त्याबद्दल मला विशेष तळमळीने सांगावंसं वाटतं. उसन्या पैशावर शेअर घेतले असतील तर शांत राहणं आपल्या हातातच राहत नाही. भाव ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की ब्रोकर आणखी पैसे भरायला सांगतो, ते भरले नाहीत तर तो शेअर विकून टाकतो, आणि तेही नेमके सगळ्यात वाईट भावात. १९२९ मध्ये अमेरिकेत किमतीच्या दहा-वीस टक्के रक्कम भरून शेअर घेणारे असंख्य लोक होते. त्यांची सक्तीची विक्री हे त्या कोसळण्याच्या वेगाचं एक मोठं कारण होतं. आपण कितीही धीराचे असलो तरी अशा वेळी निर्णय दुसराच कुणी घेत असतो.

वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही काही प्रश्न लिहून ठेवले. बाजार पडत असताना विकावंसं वाटलं, तर आधी हे पान वाचायचं. हा पैसा लागण्याची तारीख बदलली आहे का? आपलं उत्पन्न चालू आहे का? घरात अशी काही घटना घडली आहे का, ज्यामुळे निम्म्याचा तो आकडा आता झेपणार नाही? तिन्हींची उत्तरं ‘नाही, हो, नाही’ अशी आली तर काही करायचं नाही. वेगळी आली तर दोघांनी बोलून निर्णय घ्यायचा आणि तोही आठवडाभर थांबून अंमलात आणायचा. खाली दोघांच्या सह्या केल्या. सह्या तेव्हा जरा जास्तच वाटल्या होत्या. पुढे लक्षात आलं की त्या पानावर सगळ्यात जास्त जोर त्यांचाच होता, कारण एकाला एकट्याने मध्यरात्री मोबाईलवर काही विकता येणार नव्हतं.

आणि मग ती घसरण आली. १९ फेब्रुवारी २०२० ला एस अँड पी ५०० विक्रमी पातळीवर होता. २३ मार्चला तो तिथून ३४ टक्के खाली होता. महिना जेमतेम उलटला होता. ९ मार्च, १२ मार्च, १६ मार्च आणि १८ मार्च या दिवशी एका दिवसातल्या घसरणीची सात टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली म्हणून अमेरिकेतले व्यवहार मध्येच थांबवावे लागले. २३ मार्चला सेन्सेक्स आणि निफ्टी एका दिवसात १३ टक्के कोसळले, इथलेही व्यवहार काही काळ बंद पडले. हे आकडे आज सरळ वाचता येतात. त्या दिवसांत ते आजारपणाच्या, मृत्यूंच्या, बंद पडलेल्या विमानतळांच्या बातम्यांत मिसळून येत होते. नुसती रक्कम कमी होत नव्हती, उद्या जग कसं असेल हेच कुणाला सांगता येत नव्हतं. प्रत्येक मोठ्या घसरणीचं हेच वैशिष्ट्य असावं. खाली येण्याचं कारण त्या वेळी इतकं खरं, इतकं पटणारं असतं की ‘यावेळची गोष्ट वेगळी आहे’ असं शहाण्या माणसालाही वाटतं. आणि ती वेगळी असतेच. २००८ मध्ये बँका बुडत होत्या, २०२० मध्ये दुकानं आणि कारखाने बंद होते. कारण नवं असतं. आपल्याला होणारी भीती मात्र तीच जुनी असते.

मी त्या काळात पाळलेली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे खात्यातला आकडा फक्त महिनाअखेरीस बघणं. बातम्या टाळता येत नव्हत्या, पण आपला स्वतःचा आकडा टाळता येतो. मोबाईलवरचं ॲप मी काढून टाकलं आणि पासवर्ड वहीत लिहून वही नवऱ्याच्या कपाटात ठेवली. यामागे पक्कं कारण आहे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की माणसाला नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख कितीतरी जास्त होतं. त्यांच्या पुढच्या कामात हे प्रमाण साधारण दुप्पट निघालं. आता यात बघण्याची वारंवारता मिसळा. रोज बघणाऱ्याला जवळजवळ निम्मे दिवस बाजार उतरलेलाच दिसतो, चांगल्या वर्षांतसुद्धा. वर्षातून एकदा बघणाऱ्याला साधारण चारातलं एखादंच वर्ष उतरलेलं दिसतं. बाजार तोच, पैसे तेच. पण रोज बघणाऱ्याच्या वाट्याला येणारं दुःख कितीतरी जास्त, आणि त्या दुःखातूनच हात विक्रीच्या बटणाकडे जातो. शलोमो बेनार्त्झी आणि रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हाच धागा पुढे नेला होता.

मार्चच्या मध्याला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून बराच मोठा.

“सगळं विकून मोकळा होऊ का गं? रोज उठून तेच बघायचं, जीव राहत नाही.”

मी विचारलं, “दादा, यातले पैसे तुला कधी लागणार आहेत?”

“पोरीच्या पुढच्या शिक्षणाची फी वर्षभरात भरायची आहे. बाकीचे काही इतक्यात लागत नाहीत.”

“मग फीपुरते आजच काढून घे. बाकीचे राहू दे.”

“आत्ता काढू? एवढं खाली आलेलं असताना? तूच तर म्हणतेस शांत राहायचं.”

“शांत राहायचं म्हणजे काहीच करायचं नाही असं कुठे आहे, दादा? पुढच्या वर्षी बाजार कुठे असेल हे ना तुला माहीत ना मला. फी मात्र भरावीच लागणार.”

त्याने फीपुरते विकले. ऑगस्टमध्ये एस अँड पी ५०० पुन्हा विक्रमी पातळीवर गेला, तेव्हा अर्थातच ते पैसे राहू दिले असते तर जास्त झाले असते. तरीही मी तो सल्ला आजही तसाच देईन. कारण २००८ च्या मार्चमध्ये, शिखरावरून पाचएक महिने घसरण होऊन गेल्यावर, ‘आता एवढं खाली आलंय तर थांबू’ म्हणून फीचे पैसे कुणी बाजारातच ठेवले असते, तर वर्षभराने त्यातले आणखी जवळजवळ निम्मे गेलेले असते. निर्णय बरोबर होता की चूक, हे नंतर बाजार कुठे गेला त्यावरून ठरवायची सवय फार घातक आहे. जवळच्या खर्चाचा पैसा बाजारात असेल तर माणूस अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता खरं सांगत असते. तिला धीर देऊन गप्प करू नये, ती रक्कम बाजूला काढावी. दादाचा पुढचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता. राहिलेल्या पैशांचं त्याने विचारलंसुद्धा नाही.

मग उरलेला दूरचा पैसा विकून, बाजार खाली गेला की परत घ्यावा, असं मला वाटलं नाही का? वाटलं. पण त्यात दोन निर्णय बरोबर यावे लागतात, बाहेर पडण्याचा आणि परत शिरण्याचा, आणि दुसरा पहिल्याहून कठीण. त्या मार्चमधले दिवस बघा. १२ तारखेला एस अँड पी ९.५ टक्के पडला, दुसऱ्याच दिवशी ९.३ टक्के वाढला. १६ ला १२ टक्के पडला. २३ ला तळ गाठला आणि २४ ला पुन्हा ९.४ टक्के वर. २००८ च्या ऑक्टोबरमध्येही असंच झालं होतं, १३ तारखेला ११.६ टक्के वाढ आणि २८ तारखेला १०.८ टक्के वाढ, दोन्ही भर घसरणीत. सगळ्यात चांगले दिवस सगळ्यात वाईट दिवसांच्या शेजारी राहतात. वाईट दिवसाला घाबरून बाहेर पडलेला माणूस चांगल्या दिवशी बहुधा बाहेरच असतो, कारण तो दिवस उजाडताना बातम्या अजिबात चांगल्या नसतात. २४ मार्च २०२० च्या सकाळी जगात कुठेही काही सुधारलेलं नव्हतं.

महिनाअखेरीस वही काढली, पासवर्ड घेतला आणि आकडा बघितला. वाईट होता, पण वहीतल्या निम्म्याच्या आकड्यापेक्षा बराच वर होता. हे मला अपेक्षित नव्हतं: आधी लिहून ठेवलेल्या वाईट आकड्याशी तुलना केल्यावर समोरचा आकडा सहन होतो. शिखराच्या आकड्याशी तुलना केली असती तर कदाचित हात थरथरले असते. शेअरांचा वाटा साठावरून चोपन्नच्या आसपास आला होता. पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मूळ प्रमाणावर आणायचं, असं ठरलं होतं. म्हणजे रोख्यांतून थोडे पैसे काढून शेअरांचे फंड विकत घ्यायचे. हे मी केलं. या संपूर्ण अनुभवातली सगळ्यात जास्त भीती मला तेव्हा वाटली, न विकण्यापेक्षाही जास्त. पडत्या वस्तूत आणखी पैसे घालायला आतून जबरदस्त विरोध होतो. त्या क्षणी स्वतःच्या मताला काही विचारलं नाही, म्हणूनच ते जमलं. आकड्याने सांगितलं आणि मी केलं.

दरमहाची एसआयपीही, म्हणजे दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम गुंतवणंही, चालू ठेवलं. त्याचं गणित साधं आहे, पण घसरणीत ते पुन्हा पुन्हा मांडून बघावं. दर महिन्याला १००० गुंतवले. पहिल्या महिन्यात युनिटचा, म्हणजे फंडाच्या एका हिश्श्याचा, भाव १००, दुसऱ्यात ८०, तिसऱ्यात ५०. युनिट मिळाले १०, १२.५ आणि २०, एकूण ४२.५. सरासरी खरेदी पडली ७१ च्या आत. आता भाव १०० वर परत यायचीही गरज नाही, ७५ वर आला तरी आपण नफ्यात. ज्याची कमाई चालू आहे आणि खरेदीची बरीच वर्षं बाकी आहेत, त्याच्यासाठी पडता बाजार हा स्वस्तात घेण्याचा काळ असतो. मात्र हे वाक्य निवृत्त माणसाला, किंवा नोकरी गेलेल्या माणसाला ऐकवू नये. त्याला खरेदी करायचीच नसते, त्याला त्यातूनच खर्च भागवायचा असतो. त्याच्यासाठी वर सांगितलेली वाटणीच महत्त्वाची, आणि त्याची घरखर्चासाठी वेगळी ठेवलेली रक्कम वर्षभराची नव्हे, तीन-चार वर्षांची असली पाहिजे.

२०२० ची पडझड जशी झपाट्याने आली तशीच गेली. २०२२ ची मला जास्त जड गेली. तिच्यात कोसळण्याचा एक असा दिवस नव्हता. महागाई आटोक्यात आणण्यासाठी मध्यवर्ती बँका व्याजदर वाढवत होत्या. अमेरिकेचा मुख्य व्याजदर वर्षाच्या सुरुवातीला शून्याच्या आसपास होता, तो डिसेंबरपर्यंत सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर गेला. जानेवारी ते ऑक्टोबर एस अँड पी पंचवीस टक्के उतरला, आणि व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचे भाव पडतात, म्हणून रोखेही सोबत खाली आले. ज्यांच्या भरवशावर शेअरांची घसरण सहन करायची तेच घसरत होते. महिन्यामागून महिने अखेरचा आकडा आधीच्यापेक्षा कमी. घबराट नव्हती, बातम्यांत आरडाओरडा नव्हता, फक्त कंटाळा आणि निरुत्साह. भीतीच्या भरात विकू नये हे सगळे सांगतात. कंटाळून विकू नये हे कुणी सांगत नाही, आणि माझ्या ओळखीतले जास्त लोक कंटाळूनच बाहेर पडले. मला तेव्हा आधार झाला तो कमी मुदतीच्या रोख्यांचा. व्याजदर वाढले तरी त्यांचे भाव फारसे पडत नाहीत, आणि मुदत संपली की पैसे नव्या जास्त दराने गुंतवता येतात. घरखर्चाच्या आणि जवळच्या गरजांच्या रकमेला जवळजवळ धक्का लागला नाही. ती जागच्या जागी आहे हे दिसत असल्यामुळे दूरच्या पैशाच्या उताराकडे बघताना छातीवर दगड येत नव्हता.

‘बाजार शेवटी वर येतोच’ या वाक्यावर मी माझी शांतता उभी केलेली नाही, आणि कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ ला, म्हणजे चौतीस वर्षांनी. अमेरिकेचा डाऊ हा निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता, जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला आणि जुन्या शिखरावर पोहोचायला नोव्हेंबर १९५४ लागला. लाभांश परत गुंतवत राहिलेल्याला एवढी वाट बघावी लागली नाही हे खरं, पण तरीही ती बरीच वर्षं होती. एकट्या कंपनीचं तर काय सांगावं. एन्रॉन किंवा लेहमन ब्रदर्स या दिवाळखोरीत गेलेल्या अमेरिकी कंपन्यांचे शेअर धीर धरून सांभाळणाऱ्याच्या हातात काहीच उरलं नाही. म्हणून माझ्या प्रश्नांच्या पानावर नंतर दोन ओळी वाढल्या. एक, दूरचा पैसा एकाच देशाच्या बाजारात नको. दुसरी, एखाद्या कंपनीचा शेअर पडत असेल तर वरचे तीन प्रश्न पुरेसे नाहीत. त्या कंपनीचा धंदा, तिचं कर्ज आणि तिचा हिशेब नव्याने तपासायचा, आणि तो तपासता येत नसेल तर तो शेअर मुळात घ्यायचाच नाही. संपूर्ण बाजाराबाबत धरायचा धीर एका कंपनीबाबत तसाच्या तसा लागू पडत नाही.

सध्या बाजार कुठे आहे हे मला पुन्हा महिनाअखेरीसच कळेल. यंदाच्या वहीत मात्र मोठा बदल करावा लागतोय. आमच्या निवृत्तीला आता तेवढी वर्षं उरलेली नाहीत, आणि कालपर्यंत दूरचा असलेला पैशाचा एक भाग पुढच्या वर्षी पाच-सात वर्षांच्या टप्प्यात येतोय. तो हप्त्याहप्त्याने शेअरांतून काढून रोख्यांत न्यायला आम्ही सुरुवात केली आहे. निम्म्याचा आकडाही नव्याने लिहायचा आहे. नवऱ्याच्या मते आता साठाऐवजी पन्नास टक्के शेअर पुरेत, मला पंचावन्न योग्य वाटतात. रविवारी पुन्हा वही घेऊन बसणार आहोत.